उंचावरचं घर

तोंडात चार खिळे धरून मास्तरीण स्टुलावर उभी होती आणि खाली आरामखुर्चीत बसलेले सासरेबुवा तिला हातोडी कशी मारायची ते सांगत होते.

"मनगटातून मार. खांद्यातून नको. खांद्यातून मारलं की खिळा वाकतो."

तोंडात खिळे असल्यामुळे तिला उत्तर देता आलं नाही. एका परीने ते बरंच झालं.

सकाळपासून आभाळ राखाडी होतं आणि वारा पडलेला होता. भोंगा लावलेली गाडी रस्त्यावरून सांगत गेली होती, की दुपारनंतर वादळ धडकणार, खालच्या वस्तीतल्या लोकांनी घरं सोडून शाळेत जावं, बाकीच्यांनी दारं-खिडक्या बंद करून आत राहावं. यांचं घर चढावर, रस्त्याच्या अगदी टोकाला. पाणी तिथवर येण्याचा प्रश्न नव्हता. वारा मात्र सगळ्यांत आधी यांच्याच घराला भेटणार होता.

"येत-बित काही नाही," सासरेबुवा म्हणाले. "गेल्या वेळी पण असाच गाजावाजा केला होता. काय आलं? दोन शिंतोडे."

खिळे हातात काढून घेत ती म्हणाली, "गेल्या वेळी समोरच्यांचं छप्पर गेलं."

"त्यांचं छप्पर ढिलंच होतं."

मास्तरीण म्हणजे शाळेतली नव्हे. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ती कटिंग मास्तर होती. कापडाचे थर एकावर एक पसरायचे, खडूने आखायचे आणि एका दमात पन्नास चड्ड्या कापून मोकळं व्हायचं, हे तिचं काम. पुरुष असती तर लोकांनी नुसतं मास्तर म्हटलं असतं. बाई पडली म्हणून मास्तरीण झाली. गल्लीत नव्याने राहायला आलेल्यांना यातलं काही माहीत नसायचं. ते पोरांची गणितं घेऊन यायचे. सुरुवातीला ती खुलासा करायची. मग तिने तो नाद सोडला आणि जमतील तेवढी गणितं सोडवून द्यायला लागली.

सासरेबुवांची सगळी नोकरी लांब पल्ल्याची बस चालवण्यात गेली होती. पाठीमागे गाडीभर माणसं गप्प बसलेली आणि पुढे रस्ता मोकळा, अशी जन्मभराची सवय. आता गुडघे गेले होते आणि पाठीमागे बसायला घरात एकटी सून उरली होती. मुलगा सात-आठ वर्षांपूर्वी दुसरीकडे जीव जडवून निघून गेला. त्या दिवशी सासरेबुवांनी त्याला दारातच सांगितलं होतं, "पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस." आणि सुनेकडे वळून म्हणाले होते, "तू कुठे जायचं नाहीस. हे घर तुझं आहे." ती गेली नाही. जाण्यासारखं दुसरं ठिकाण नव्हतं हेही खरं. पण त्या एका वाक्याच्या जोरावर तिने त्यांच्या गोळ्या, गुडघ्यांचं तेल, रेडिओचा आवाज आणि अष्टौप्रहर चालणारे सल्ले सहन केले होते.

आज मात्र सहनशक्तीचा तळ लागला होता. उठल्या उठल्या तिने घरातली यच्चयावत भांडी पाण्याने भरून ठेवली, बटाटे धुऊन घेतले आणि मागे वळून बघते तो सासरेबुवा त्यातल्याच दोन बादल्या घेऊन आंघोळीला बसलेले. "नंतर पाणी जाणार म्हणालीस ना? मग आत्ताच उरकलेली बरी." टॉर्च पेटेना म्हणून उघडला तर आतले सेल गायब. ते रेडिओत निघाले. जे वादळ येणारच नव्हतं त्याच्या बातम्या ऐकायला त्यांना ते लागले होते. अंगणातल्या कुंड्या तिने एकेक करून आत आणल्या, तर त्या वाटेत येतात म्हणून त्यांनी काठीने ढकलून एक उलथी केली.

शेवटचा खिळा ठोकून ती खाली उतरली. खिडकीवर प्लायवूड जागच्या जागी बसलं होतं. खोली एकदम अंधारली.

"आता मला रस्ता दिसायचा नाही," सासरेबुवा म्हणाले.

"आज रस्त्यावर बघण्यासारखं काही नाहीये, बाबा."

"बटाटे किती टाकलेस उकडायला?"

"चार."

"आठ टाक."

"दोन माणसांना आठ?"

"वादळात भूक लागते. आणि माझ्या कपाटावरची जास्तीची गादी काढून झटकून ठेव."

"ती कशाला आता?"

"नुसती पडून ओल धरते."

"बाबा, मला मागचा पत्रा बांधायचाय. वारा सुटायच्या आत."

"पत्र्याला काय झालंय? पत्रा मी स्वतः बसवलाय."

हेच तर तिचं दुखणं होतं. स्वयंपाकघरावरचा पत्रा सासरेबुवांनी, अंगात धमक होती तेव्हा, कुणालाही न विचारता बसवला होता, आणि तेव्हापासून तो जरा वारा आला की टाळ्या पिटायचा. पण वाद घालण्यात वेळ गेला असता, म्हणून तिने आणखी चार बटाटे टाकले, गादी काढली, झटकली आणि दोरखंड घेऊन मागच्या दाराकडे निघाली. तेवढ्यात पुढचं दार वाजलं.

दारात सासरेबुवांचा मुलगा, तिचा आधीचा नवरा, उभा होता. डोक्यावर बॅग, काखेत गुंडाळलेली सतरंजी. त्याच्यामागे त्याची बायको. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मास्तरणीच्या मनात तिचं नाव 'नवी' हेच होतं. नवीच्या हाताला धरून एक मुलगी. सामान कमी करण्यासाठी तिच्या अंगात एकावर एक तीन फ्रॉक घातले होते, त्यामुळे तिचे हात बाजूला पसरून राहिले होते.

"शाळेत जागा उरली नाही," तो म्हणाला. "म्हणजे आहे, पण जिन्यात. बाबा म्हणाले होते की..."

तो थांबला. आतून सासरेबुवांचा आवाज आला.

"मीच बोलावलंय. आत तर येऊ दे त्यांना."

संसारात ती त्याला 'अहो' म्हणायची. घटस्फोटाने तिच्या पदरात फार काही टाकलं नव्हतं, पण निदान 'तू' म्हणायची मुभा दिली होती. ती आज पहिल्यांदा वापरायला मिळाली.

"पाय पूस," ती म्हणाली, "आणि आत ये. दार उघडं ठेवू नकोस."

मुलगी आत आली, घर बघितलं, आरामखुर्ची बघितली आणि मास्तरणीसमोर येऊन उभी राहिली.

"तुम्हाला काय म्हणायचं?"

नवीने तिचा दंड दाबला. तो भिंतीकडे बघायला लागला.

"मोठी आई म्हण," सासरेबुवा खुर्चीतून म्हणाले.

"काही म्हणू नकोस," मास्तरीण म्हणाली. "हाक मारायची वेळ आली की बघू."

बटाट्यांच्या निमित्ताने ती स्वयंपाकघरात गेली. पाठोपाठ काठी टेकत सासरेबुवा आले. गरज नसताना ते खुर्चीतून उठल्याचं तिने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"केव्हापासून?" तिने विचारलं.

"काय केव्हापासून?"

"फोन."

ते काठीच्या मुठीकडे बघत राहिले. "मुलगी झाली तेव्हा त्याने केला होता."

"ती सहा वर्षांची दिसते."

"पाच. उंच आहे."

त्याला नावं ठेवणं हा या घरातल्या दोघांचा सामायिक विरंगुळा होता. सुट्टीच्या दिवशी जेवण झालं की कुणीतरी विषय काढायचा आणि मग दोघं आलटून पालटून त्याची लक्तरं काढायची. कधी तर सासरेबुवा तिच्यापेक्षा दोन शब्द पुढे जायचे. ती हसायची, त्यांना बरं वाटायचं. म्हणजे ही पाच वर्षं ती एकटीच मनापासून बोलत होती.

"मला सांगितलं असतं तर मी काय तुमचा फोन काढून घेणार होते?"

"सांगणार होतो."

"कधी?"

बाहेर एक कुंडी गडगडत गेली. ती आत आणायची राहिली होती. वारा सुटला होता.

मग बोलायला वेळच उरला नाही. मास्तरणीने सगळ्यांना कामाला लावलं, कारखान्यात लावायची तसं, नाव न घेता, नुसतं बोट दाखवून. मुलीला सांगितलं, आजोबांचा रेडिओ घे आणि त्यातले सेल काढून टॉर्चमध्ये घाल. त्याला हातोडी दिली आणि मधल्या खोलीची खिडकी दाखवली. त्याने पहिलाच घाव अंगठ्यावर घातला, दुसऱ्याला खिळा वाकवला.

"छान मारतोस," सासरेबुवा म्हणाले.

मनगटाचा आणि खांद्याचा विषय निघाला नाही. मास्तरीण त्यांच्याकडे बघत राहिली, पण ते तिच्याकडे बघत नव्हते.

पत्रा बांधायला शेवटी नवीच आली. न सांगता आली, ही त्यातली चीड आणणारी गोष्ट. दोरखंडाचं एक टोक तिने खिडकीच्या गजातून ओवून घेतलं, दुसरं मास्तरणीने पत्र्यावरून टाकलं, आणि दोघींनी मिळून ते इतकं ताणलं की तळहात सोलवटले. नवीने मारलेली गाठ चांगली होती. मास्तरणीने ती ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. खुसपट काढायला कुठे जागाच नव्हती.

दुपार कलायच्या सुमारास वादळ आलं. आधी पाऊस आडवा झाला, मग झाडं आडवी झाली, मग दिवे गेले. दोरखंडाने पत्रा बराच वेळ धरून ठेवला. पण एका कोपऱ्याला वाऱ्याने नखं लावलीच. तो कोपरा उचलला गेला आणि स्वयंपाकघरात जणू कुणी पाण्याचा टँकर रिता केला. मास्तरणीने भाताचं पातेलं उचललं, नवीने बटाट्यांचं, आणि दोघी मधल्या खोलीत येऊन दार लावतात तोच दाराची कडी उपटून हातात आली. आता ते दार घट्ट राहायचं तर माणसानेच धरायला हवं होतं. दोघींनी झटकलेली गादी दाराला उभी लावली आणि तिला पाठ लावून, पाय समोरच्या कपाटाला रोवून बसल्या.

पलीकडे सासरेबुवांच्या खोलीत बाकीची तिघं होती. टॉर्चच्या उजेडात सासरेबुवा नातीला सांगत होते, घाटात ब्रेक निकामी झाला तेव्हा त्यांनी बस कशी थांबवली. ही गोष्ट मास्तरणीने इतक्यांदा ऐकली होती की ती ऐकता ऐकता तिच्याकडून भाजी निवडून व्हायची.

"मग माणसं रडली?" मुलगी विचारत होती.

"एकही नाही. कुणाला कळलंच नाही. सगळी झोपलेली."

"मग तुम्ही उठवलं?"

"कशाला उठवायचं? झोपू दे म्हटलं."

हे शेवटचं वाक्य गोष्टीत कधी नसायचं. मास्तरणीने आजवर तो प्रश्न विचारला नव्हता.

दाराला धक्का बसला. दोघींनी एकदम पाय रोवले.

"मला वाटलं तुम्ही दारातूनच परत पाठवाल," नवी म्हणाली.

"पाठवणार होते."

"मग?"

"बाबांनी आठ बटाटे उकडायला लावले होते."

नवी म्हणाली, "त्याने अंगठ्यावर मारून घेतलं ना?"

"घेतलं."

"दर वेळी तेच. एक तसबीर टांगायची म्हणजे घरात मलम आहे ना बघावं लागतं."

"आमच्याकडे मलमाची बाटली हातोडीच्याच डब्यात असायची," मास्तरीण म्हणाली, आणि दोघींना हसू फुटलं. हसताना पाठ हलली आणि दार बोटभर उघडून थंड पाण्याचा सपकारा मानेवर आला. आपल्याला हसू यावं याचाच मास्तरणीला राग आला. या बाईचा धड रागही करता येईना.

थोड्या वेळाने नवी म्हणाली, "बाबांची खोली आम्ही वरच्या मजल्यावर केलीय. खाली पाणी भरलं तरी वर येत नाही. उद्या सगळं चिखलात असेल, पण त्यांची खोली कोरडी मिळेल."

"कुणाची खोली?"

नवीने मान वळवून तिच्याकडे बघितलं. "त्यांनी सांगितलं असेल ना तुम्हाला? आमच्याकडे राहायला येणार म्हणून. दोन महिने झाले ठरून. तुम्हाला आता मोकळं करायचं म्हणाले."

मास्तरणीला तडक उठून आत जायचं होतं आणि सासरेबुवांच्या हातातली काठी काढून घेऊन जाब विचारायचा होता. पण दार सोडता येत नव्हतं. पाठीला गादीतून वाऱ्याचे धक्के बसत होते, पाय कपाटाला टेकून बधिर झाले होते, आणि ती तशीच बसून राहिली. आत मुलगी म्हणत होती, पुन्हा सांगा, पहिल्यापासून. सासरेबुवांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

संध्याकाळी वारा ओसरला. भात गार झाला होता, तरी सगळ्यांनी खाल्ला. आठही बटाटे संपले.

सकाळी ऊन पडलं होतं. रस्त्यावर फांद्या, कौलं, कुणाचा तरी दुधाचा कॅन. स्वयंपाकघराचा पत्रा एका कोपऱ्यात दुमडला होता, बाकी जागेवर होता. मुलगा खाली जाऊन आपलं घर बघून आला. पाणी उतरलं होतं, खालच्या खोलीत गुडघाभर चिखल होता. येताना तो एका ओळखीच्याची टेम्पो रिक्षा घेऊनच आला.

सासरेबुवा कपडे करून, बॅग मांडीवर घेऊन आरामखुर्चीत बसले होते.

"चिखल काढायला माणूस लागेल यांना," ते म्हणाले.

"तुमच्या गुडघ्यांनी तुम्ही चिखल काढणार?"

"बसून सांगेन."

"मला मोकळं करताय म्हणे."

त्यांनी दाराबाहेर बघितलं. मुलगा रिक्षात सामान चढवत होता. "तू रोज म्हणतेस. कंटाळा आला, जीव नकोसा झाला. रोज म्हणतेस."

"म्हणते. म्हणायचं असतं ते, बाबा."

"मला काय माहीत?"

"घाटात गाडी थांबवली ते माहीत असतं आणि हे माहीत नसतं?"

ते खालच्या आवाजात म्हणाले, "ती पोर एकटीच शाळेत जाते. रस्ता ओलांडून. दोघं कामाला जातात." आणि आणखी थोड्या वेळाने, "घर तुझंच आहे. मी म्हणालो होतो, ते खरं म्हणालो होतो."

तिला त्यांच्यावर ओरडायचं होतं. रात्रभर वाक्यं जुळवली होती, एकाहून एक धारदार. पण माणूस बॅग मांडीवर घेऊन, नवा शर्ट घालून बसलेला असला की ती वाक्यं कुठे टेकवायची ते कळत नाही. तिने नवीला हाक मारली.

"इकडे ये. नीट ऐक, मी पुन्हा सांगणार नाही. रात्रीची गोळी जिभेखाली धरतात आणि तुझी पाठ फिरली की कुंडीत थुंकतात. पाणी पाजायचं आणि मग काहीतरी बोलायला लावायचं. बसचं विचारलंस की बोलतात. तेल गरम लागतं, फार गरम नाही. आंघोळीचं पाणी स्वतःच घेतात आणि न्हाणीत सांडतात, तिथे जुना टॉवेल टाकून ठेव, घसरतील. तुझं काम बघून चुकतंय म्हणतील. तुझं बरोबर असलं तरी म्हणतील. उत्तर द्यायचं, गप्प बसलीस तर त्यांना वाटतं आजारी आहेस."

"मी काय सामान आहे का पोचवायचं?" सासरेबुवा म्हणाले.

"गप्प बसा. आणि रेडिओ त्यांच्या उजव्या बाजूला ठेव. डाव्या कानाने ऐकू येत नाही, हे ते कबूल करत नाहीत."

नवी एकेक गोष्ट ऐकून मान हलवत होती. शेवटी तिने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण मास्तरणीने गोळ्यांची पिशवी तिच्या हातात कोंबली आणि ती आत निघून गेली.

रिक्षात बसताना सासरेबुवा म्हणाले, "चार दिवसांत येतो. पत्रा बघायला हवा."

"या," ती म्हणाली.

बॅगेची चेन लागत नव्हती. फटीतून त्यांचा तपकिरी स्वेटर बाहेर आला होता. थंडीला अजून बरेच महिने होते. तिने तो आत सारला आणि चेन ओढून दिली. मुलगी तीन फ्रॉकांनिशी आजोबांच्या शेजारी चढून बसली होती. "येते हं," ती म्हणाली, आणि पुढे काय म्हणायचं ते न सुचल्यामुळे तिने नुसता हात हलवला.

रिक्षा उतारावरून गेली. आत सासरेबुवा ड्रायव्हरला काहीतरी सांगत होते, बहुधा गिअर कुठला ठेवायचा ते.

मास्तरीण घरात थांबली नाही. साडी बदलली, कुलूप लावलं आणि चालत कारखान्यात गेली. शटर अर्धं वर होतं. आत पाणी शिरून खालच्या फळीवरचे निळ्या कापडाचे ताके भिजले होते, आणि कामाला एकटी बटणवाली आली होती. बटणवाली म्हणजे काजं-बटणं करणारी बाई, या दोघी तिथे सगळ्यांत जुन्या. त्यांनी पहिला ताका उलगडून रस्त्यावर आणला. मास्तरणीने एक टोक धरलं, बटणवाली दुसरं घेऊन लांब जाऊन उभी राहिली, आणि दोघी उलट्या दिशांनी पीळ द्यायला लागल्या. कापडातून पाणी गळायला लागलं.

"घरी ठीक ना सगळं?" बटणवालीने लांबूनच विचारलं.

"ठीक. भिंती उभ्या आहेत. छप्पर आहे."

"आणि म्हातारबुवा?"

"मुलाकडे गेलेत."

बटणवालीचे हात थांबले. "मुलाकडे? कधी येणार परत?"

कापडाचा पीळ सैल पडून ते दोघींच्या मध्ये झुकलं होतं, खाली रस्त्याला टेकायला आलं होतं. मास्तरणीने आपलं टोक मनगटाभोवती गुंडाळून घेतलं आणि एक पाऊल मागे सरली.

"नीट धर," ती म्हणाली. "पीळ सुटतोय."